दादनाचा फांस आणि शरियतेचा न्याय

समुद्रांतील शिकार कुराणाच्या पांचव्या अध्यायानें विहित ठरविली आहे. दुसऱ्या अध्यायानें व्यापाराला मुभा देऊन व्याज निषिद्ध केलें आहे. परंतु मासळी नाशवंत, ती धरणारा निर्धन, आणि घेणारा मात्र भांडवलवाला. अशा व्यवहारांत व्यापार कोठें संपतो व व्याज कोठें सुरू होतें?

बांगलादेशांतील मेघनेच्या मुखाशीं हिलसा, म्हणजे मराठींतील पाला, धरणाऱ्या कोळ्यांची स्थिति पाहिली म्हणजे हा प्रश्न स्पष्ट होतो. जाळें, होडी व इंधन यांकरितां आडतदार त्यांना आगाऊ रक्कम देतो. तिला ‘दादन’ म्हणतात. उघड व्याज बहुधा नसतें. मात्र सारी मासळी त्याच आडतदाराला द्यावी लागते. भाव तोच ठरवितो, आणि आडतही तोच कापून घेतो.

इस्लामी धर्मशास्त्रज्ञ येथें एका हदीसकडे बोट दाखवितात: कर्ज आणि विक्री हीं एकमेकांच्या अटीवर करूं नयेत. कर्जाच्या अटीनें धनकोला मिळणारा लाभ हा व्याजच होय, असा फिक्हचा सिद्धांत आहे. मग बाजारापेक्षां कमी दिलेला भाव हें नांव बदललेलें व्याजच ठरतें. अद्याप पाण्यांत असलेली मासळी विकणें हाही ‘गरर’, म्हणजे अनिश्चिततेचा सौदा मानला जातो. कारण विकणाऱ्याच्या हातीं कांहींच नसतें.

याला पर्यायही शास्त्रांतच आहे. ‘मुदारबा’ करारांत एकाचें भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतात. नफा ठरलेल्या प्रमाणांत वांटला जातो. श्रम करणाऱ्याची कुचराई नसेल, तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्यानेंच सोसावयाचा असतो. जाळें रिकामें आलें तरी कोळ्याच्या डोक्यावर कर्ज चढत नाहीं.

हिलशाच्या प्रजननासाठीं ऑक्टोबरच्या सुमारास २२ दिवस मासेमारी बंद असते. त्या काळांत सरकार कोळ्यांना तांदूळ पुरवितें. परंतु तांदळानें दादन फिटत नाहीं. जकातीचे जे आठ अधिकारी कुराणाच्या नवव्या अध्यायांत सांगितले आहेत, त्यांत कर्जबाजारी मनुष्यही आहे. तेव्हां जकातीच्या द्रव्यानें असें ऋण फेडणें हा शास्त्राला धरूनच असलेला मार्ग होय.

मात्र केवळ ऋण फेडून भागत नाहीं. पुढील मोसमाचें भांडवल पुन्हां आडतदाराकडूनच घ्यावें लागलें, तर तोच फांस पुन्हां पडेल. आपली मासळी हव्या त्या गिऱ्हाइकाला विकण्याचें स्वातंत्र्य कोळ्याला लाभेल, तेव्हांच तो व्यापार खऱ्या अर्थानें धर्म्य ठरेल.