हूक मागचे, गाठ पुढची

"दिवाळी अंकासाठी काहीतरी घरगुती, खेळकर असे लिहा," असे संपादकांनी कळवले आणि मी लगेच होकार देऊन मोकळी झाले. विषय घरात सांगायची वेळ आली तेव्हा मात्र जीभ अडखळली. "मी बायकांच्या आतल्या कपड्यांवर लिहिणार आहे," असे म्हणताच आमच्या घरच्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई! दिवाळीच्या अंकात चकलीवर लिहितात."

चकलीवर लिहिणाऱ्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या चकल्या माझ्यापेक्षा खुसखुशीत होतात. म्हणून वाचक भगिनींनो, आणि हे पान चोरून वाचणाऱ्या बंधूंनो, मी आपली माझ्याच विषयाकडे वळते.

या वस्त्राला माझी आजी 'बॉडी' म्हणे, आई 'ब्रेसियर' म्हणते आणि मुलगी 'ब्रा' म्हणते. नावे तीन झाली, पण वाळत घालण्याची रीत एकच राहिली. दोरीवर आधी ते, त्यावर टॉवेल! बिचाऱ्याला ऊन म्हणून मिळायचे नाही. मी मराठी शिकवते. आमच्या शाहिरांनी चोळीवर लावण्यांमागून लावण्या रचल्या. तिचा रंग सांगितला, काठ सांगितला, तंगपणाही मोठ्या चवीने सांगितला. पण ती जिच्या अंगात असे, तिला काखेत काचत होती की नाही, हे विचारायला एकालाही सवड झालेली दिसत नाही. मलाही ते चार वर्षांपूर्वीपर्यंत सुचले नव्हते.

माझ्या बाबतीत गोष्ट सुरू झाली ती खडूपासून. सकाळच्या पहिल्या तासाला खडू बोटांतून निसटू लागला. मग अंगठी चढेना. मग दुधाच्या पातेल्याची सांडशी दाबवेना. मी एक्केचाळीस वर्षांची होते. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडचे लोक ज्याला आमवात म्हणतात, तो. शरीराचे रक्षण करणारी आपलीच यंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, सांधा दुखतो आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर हाडही झिजू लागते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीन पटींनी अधिक होतो आणि पुष्कळदा ऐन कर्त्या वयात गाठतो. त्याची खूण म्हणजे सकाळ. उठल्यावर तास-तास हात लाकडासारखे राहतात. दुपारी तीच बाई फळ्यावर भराभरा लिहीत असते, त्यामुळे ती आजारी आहे हे कोणाला खरेच वाटत नाही.

आता त्या मागच्या हुकांचा विचार करा. ते लावायला खांदा मागे वळावा लागतो, मनगट मुडपावे लागते आणि अंगठा व तर्जनी यांची चिमूट घट्ट बसावी लागते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, आणि त्याही न बघता! या आजाराने ज्या तीन गोष्टी माझ्याकडून सर्वांत आधी काढून घेतल्या, त्या नेमक्या याच. शिवाय बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे मिळतात, तिथेही सूज येते. त्यावरून घट्ट पट्टी गेली की दिवसभर कोणीतरी कोपराने ढोसत असल्यासारखे वाटते. पहिल्या वर्षी काही महिने स्टेरॉइड घ्यावे लागले, त्याने वजन वाढले. ते बंद झाल्यावर उतरले. मापाचे असे काही उरलेच नाही.

पहिले वर्षभर मुलगी शाळेला जाताना हूक लावून देई. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने माझी पाठ. "आई, श्वास घे... सोड... झालं!" पुढे ती शिकायला पुण्याला गेली आणि हे काम घरच्यांकडे आले. ते बँकेत आहेत. हिशेबात त्यांची चूक होत नाही. पण इथे पहिला हूक दुसऱ्या घरात आणि दुसरा तिसऱ्यात! मग चष्मा शोधायला जायचे. आम्ही दोघे हसत असू. पण आतून मला ते हसू महाग पडत होते. पंचवीस वर्षे मी माझी मी तयार होऊन घराबाहेर पडत होते. आता रोज सकाळी कोणाकडे तरी पाठ करून उभे राहायचे, आणि त्याची चहाची वेळ, दाढीची वेळ सांभाळायची.

मग एक दिवस असा आला की घरचे बँकेच्या कामाने मुंबईला, सासूबाई नणंदेकडे नाशिकला, आणि मी एकटी. साडेसातचा तास होता. पहाटे पाचला उठले. गरम पाण्यात हात बुडवले, शेकले, पुन्हा प्रयत्न केला. पावणेसात झाले. बोटे बधिर, डोळ्यांत पाणी. शेजारच्या वहिनींना हाक मारावी असे मनात आले, पण काय सांगून मारणार? शेवटी महाविद्यालयात फोन केला आणि म्हणाले, "मला ताप आहे." खोटे बोलण्याची मला सवय नाही. त्या दिवशी मी दिवसभर अंथरुणावर बसून होते आणि सबंध नोकरी सोडून देण्याचा विचार केला. दोन हुकांपायी!

त्यानंतर शोध सुरू झाला. आमच्या सांगलीत पाहिले, पुण्याला गेले तेव्हा तुळशीबागेत हिंडले. एका दुकानात गल्ल्यापलीकडच्या गृहस्थांनी माझ्याकडे एक नजर टाकून "छत्तीस" असा निकाल दिला. "घालून बघता येईल का?" असे विचारल्यावर त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली: 'ट्रायल नाही, बदलून मिळणार नाही.' चप्पल घालून बघता येते, चष्मा लावून बघता येतो. आणि जी वस्तू बारा तास अंगाला चिकटून राहायची, तिच्याबाबत मात्र नशिबावर हवाला!

कोणीतरी सुचवले, "बिनहुकांची घे, डोक्यातून घालायची." घेतली. खेळाडू मुली वापरतात ती. एका रविवारी दार लावून घातली आणि अर्ध्यात अडकले. दोन्ही हात वर, कापड काखेत गोळा झालेले, वर जाईना की खाली येईना. दुखणारे खांदे वर अडकले की काय होते, ते शत्रूलाही कळू नये. शेवटी लाज गुंडाळून "आई!" अशी हाक मारली. सासूबाईंनी एक क्षण पाहिले, स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि चारशे रुपयांच्या वस्तूची दोन शकले केली. मग पदराने माझे तोंड पुसून त्या म्हणाल्या, "आमच्या आईची चोळी बरी होती गं. गाठ पुढं असायची. जेवण झालं की सैल करायची, बाळंतपणात सैल करायची. हात पुढं, डोळ्यांसमोर. मागं कशाला कोण जाईल?"

त्यांनी पेटी उघडून ती चोळी काढलीच. गुळेदगुड्डच्या खणाची, विटकी, दोन पुढची टोके गाठी मारून मारून सुरकुतलेली. ती हातात घेऊन मी बराच वेळ बसले. या चोळीला माप आहे आणि नाहीही. आज अंगावर सूज असली तर गाठ सैल बांधा, उद्या उतरली तर ओढून बांधा. माझ्यासारखे शरीर, जे सोमवारी एक असते आणि गुरुवारी दुसरे, त्याला याहून शहाणे वस्त्र कोणते?

पुढे वाचनात एक मौज आली. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन हातरुमाल आणि रिबिनी जोडून एक आटोपशीर वस्त्र तयार केले आणि ३ नोव्हेंबर १९१४ रोजी त्याचे अमेरिकन पेटंट मिळवले. तिच्या नमुन्यातही बंद मागून फिरवून पुढे बांधायचे होते. म्हणजे परदेशातल्या त्या बाईलाही गाठ पुढेच सुचली होती! मागचे हूक नंतर रुळले आणि आपण ते निसर्गाचा नियम असल्यासारखे मानून बसलो.

तरी खणाची चोळी घालून काही मी वर्गावर जाणार नव्हते. आणि गाठ मारायलाही चिमूट लागतेच. वाट दाखवली ती इस्पितळातल्या एका तरुण मुलीने. दैनंदिन हालचाली सोप्या करून देण्याचे शास्त्र ती शिकली होती. ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात त्याला. तिने पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, सकाळी कपडे कसे घालता?" तीन वर्षांत मला हे कोणीही विचारले नव्हते. मला एकदम रडूच आले. तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि वहीत आकृती काढू लागली.

तिने जे सांगितले आणि मी जे अनुभवाने शिकले, ते इथे देते. कोणाच्या तरी उपयोगी पडेल. हूक मागचेच असतील तर पट्टी उलटी कमरेभोवती घ्यावी, हूक पोटावर डोळ्यांसमोर लावावेत, मग पट्टी फिरवून वर घ्यावी आणि शेवटी पट्ट्यांत हात घालावेत. जो हात अधिक दुखतो तो आधी घालावा आणि काढताना शेवटी काढावा. पट्टीच्या टोकांना अंगठा जाईल एवढे कापडी फासे शिवून घेतले तर चिमटीचे काम अंगठ्यावर भागते. ताणाची बिनहुकांची वस्तू डोक्यातून घालण्याऐवजी, कमरेवरून चढत असेल तर, पायांतून वर घ्यावी. आणि हे सारे उठल्या उठल्या करू नये. गरम पाण्याने अंघोळ करून सांधे जरा मोकळे झाल्यावर करावे.

मापाचेही तिनेच शिकवले. छातीखालचा घेर इंचात घ्यायचा, मग छातीचा. दोन्हींत एका इंचाचे अंतर म्हणजे ए, दोनाचे बी, तीनाचे सी, चाराचे डी. खाली ३४ आणि वर ३७ तर ३४ सी. सूज असेल त्या दिवसांत पट्टी सैल हवी म्हणून नुसते ३६ सी घेऊ नये, ३६ बी घ्यावे. वाटी तेवढीच राहते. मुख्य भार खालच्या पट्टीने पेलायचा असतो, खांद्यांनी नव्हे. तरी पट्टीखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. तार नको, खांद्याच्या पट्ट्या रुंद हव्यात, आणि शिवण टोचत असेल तर खुशाल उलटी बाजू करून घालावी. साडीच्या आत कोण बघायला येते?

हे सगळे घेऊन मी आमच्या आळीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी आधी "ब्लाउजच शिवते मी," म्हणून हात झटकले. मग सासूबाईंनी पिशवीतून ती जुनी चोळी काढून समोर ठेवली, आणि दोघी म्हाताऱ्या काठ-कटोरीवर अशा बोलू लागल्या की मला कोणी विचारीना. पहिली प्रत फसली. समोर लावलेल्या चिकटपट्टीची कड दिवसभर ओरखडत होती. दुसरीत बाईंनी तिच्याखाली मऊ सुती पदर दिला. तिसरी जमली. पुढून उघडणारी, एकावर एक येणारे दोन रुंद पदर, तळहाताने दाबले की बसतात. चिमूट नको, मनगट नको. आजच्या सुजेप्रमाणे पदर पुढेमागे घेता येतो. म्हणजे आजेसासूबाईंची गाठच, फक्त मारावी न लागणारी. धुताना पदर मिटून टाकावे लागतात, नाहीतर चिकटपट्टी बाकीच्या कपड्यांना ओरबाडते, एवढे पथ्य. शिलाई दोनशे रुपये.

फारच वाईट दिवस असेल तर मी घरी काहीच घालत नाही. नुसता सैल सुती परकर-पोलका. न घातल्याने आजार होतो आणि घातल्याने कर्करोग होतो, अशी दोन्ही बाजूंची भीती बायका एकमेकींना घालतात; दोन्हींना शास्त्राचा आधार नाही. छातीत नवी गाठ किंवा बदल जाणवला तर डॉक्टरांकडे जावे. काचणाऱ्या पट्टीवर खापर फोडून घरी बसू नये, एवढेच.

आजार बरा झालेला नाही. औषधाने तो आवरलेला आहे, मधूनमधून उचल खातो. पण 'ताप आहे' असा फोन मी पुन्हा केलेला नाही. उलट एकदा साडेसातच्या तासाला उशीर झाला, तेव्हा प्राचार्यांना सरळ म्हणाले, "आज सांध्यांनी साथ दिली नाही, सकाळचे तास दुपारी मिळाले तर बरे." मिळाले! इतके दिवस मी विचारलेच नव्हते.

मागच्या महिन्यात महाविद्यालयातल्या शिपाई मावशी स्टाफरूमचे दार लोटून आत आल्या. साखरेच्या आजाराने त्यांचा उजवा खांदा वर्षभर गोठलेला आहे. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "बाई, तुमी तसलं कायतरी शिवून घेतलंय म्हनं. मलाबी एक सांगा की." मी पत्ता लिहून दिला. आता बाईंकडे अशा सहा-सात जणी जातात. पाटी अजून ब्लाउजचीच आहे.

परवा मुलीचा फोन आला. दिवाळीला येते आहे. नरकचतुर्दशीला पहाटे तेल, उटणे, ऊन ऊन पाणी. माझ्या सांध्यांना मानवणारी वर्षातली ही एकच पहाट. "आई, हूक लावायला उठवशील ना मला?" तिने विचारले. मी म्हटले, "त्याला नको. निऱ्या धरायला ऊठ. त्या अजून जमत नाहीत."