गोल झाला, निवाडा तहकूब

३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूलच्या लुईस दियाझने चेंडू जाळ्यात धाडला, तेव्हा सहायक पंचाने ऑफसाइडचा ध्वज उंचावला. आणि तो ध्वज चुकीचा होता, ही गोष्ट हीथ्रो विमानतळाजवळच्या स्टॉकली पार्क येथे पडद्यांसमोर बसलेल्या व्हिडिओ पंचाने अचूक ताडली. परंतु मैदानावर गोल मान्यच झाला आहे, अशी त्याची समजूत असल्यामुळे त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढाच निरोप दिला, मैदानावरील पंचाने त्यावरून ऑफसाइड कायम असे मानले, आणि खेळ सुरू झाला. घोटाळा प्रथम ध्यानात आला तो चित्रफीत फिरवणाऱ्या तंत्रज्ञाच्या. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाण्याची मुभा नियमांत नाही, म्हणून सत्य हाती असूनही त्या खोलीतील माणसे हतबल राहिली. लिव्हरपूलने तो सामना अगदी शेवटच्या क्षणी झालेल्या स्वयंगोलामुळे २-१ असा गमावला, आणि खोलीतील संभाषण जगाला ऐकावयास मिळाले ते तीन दिवसांनी.

या प्रसंगाकडे एका व्यक्तीची गफलत म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. ज्या व्यवस्थेत निवाडा करणारा एका ठिकाणी, तो जाहीर करणारा दुसऱ्या ठिकाणी, आणि ज्या हजारो प्रेक्षकांसमोर तो जाहीर व्हावयाचा त्यांना दोघांच्या बोलण्यातील एक अक्षरही ऐकू येत नाही, त्या व्यवस्थेत गैरसमजाला वाव राहणारच. आणि युरोपातील मैदानांवर आज जो संताप धुमसतो आहे त्याचे मूळ मला या बंद दाराआडच्या कारभारातच दिसते.

मुळात व्हिडिओ पंचाची ही योजना सद्हेतूनेच आली. २००९ च्या नोव्हेंबरात पॅरिसजवळ फ्रान्सच्या तिएरी आन्रीने हाताने चेंडू आवरून जो गोल घडवून आणला त्याने आयर्लंडची विश्वचषकाची वाट बंद केली. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डचा फटका जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडूनही गोल नाकारला गेला. आणि जे घरोघरी कोट्यवधी लोकांना दिसते ते एकट्या पंचालाच दिसू नये, ही विसंगती असह्य होऊन मार्च २०१८ मध्ये फुटबॉलच्या नियमावलीत व्हिडिओ पंचाची तरतूद झाली. त्याचा अखत्यारही बेताचाच ठेवला होता : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला झालेली शिक्षा, एवढ्याच बाबी, आणि त्यांतही चूक ढळढळीत असेल तरच हस्तक्षेप.

ऑफसाइडला मात्र ही मर्यादा लागू पडली नाही, कारण तेथे खेळाडू पुढे आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न. आणि मग इंचाइंचाचा हिशेब सुरू झाला. तो हिशेब जरा जवळून पाहण्यासारखा आहे. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रे टिपत असेल, तर सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणारा आक्रमक लागोपाठच्या दोन चित्रांमधल्या अवधीत १६ सेंटिमीटर पुढे सरकतो. बचावपटू उलट दिशेने येत असेल तर फरक आणखी वाढतो. आणि सहकाऱ्याचा पाय चेंडूला नेमका कोणत्या चित्रात लागला, हे ठरवणार पुन्हा माणूसच. असे असूनही पडद्यावर उमटणाऱ्या रेषा इतक्या बारीक, की शंकेला जागाच नाही असा भास व्हावा. २०२२ च्या कतारमधील विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे आणि सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा चेंडूतील संवेदक यांनी ही त्रुटी पुष्कळ कमी केली, हे मान्य केलेच पाहिजे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही एप्रिल २०२५ पासून अर्धस्वयंचलित पद्धत स्वीकारली.

परंतु मोजणी निर्दोष झाली तरी आनंद तहकूब राहतो तो राहतोच. एप्रिल २०२४ मध्ये वेम्बलीवर, एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात, दुसऱ्या श्रेणीच्या कॉव्हेंट्रीने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तीन गोलांची पिछाडी भरून काढली आणि जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी व्हिक्टर टॉर्पने चौथा गोल केला. सारा संघ, सारे समर्थक बेभान झाले, आणि मग त्यांचाच हाजी राइट केसभर पुढे होता असे ठरून तो गोल पुसला गेला. पुढे पेनल्टींवर कॉव्हेंट्री हरले. नियमाप्रमाणे निर्णय बरोबर असेलही. पण गोल झाल्यावर प्रथम पंचाच्या कानाकडे पाहावयाचे आणि मग आनंद करावयाचा, ही सवय ज्या खेळाने लावून घेतली त्याने फार मोठी किंमत मोजली आहे, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडच्या वाचकाला येथे क्रिकेट आठवेल. १९९२ मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर दूरचित्रवाणीच्या आधारे धावबाद ठरलेला पहिला फलंदाज झाला, आणि तिसरा पंच क्रिकेटमध्ये पाहता पाहता रुळला. कारण तेथे प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो आणि तपासाला हक्काची जागा मिळते. फुटबॉलला असा विसावा नाही.

विरोध झाला नाही असे नाही. स्वीडनमध्ये क्लबांवर सभासदांची सत्ता चालते, आणि तेथील समर्थकांनी ही पद्धत आपल्या लीगमध्ये येऊच दिली नाही. इंग्लंडमध्ये वुल्व्ह्ज या क्लबने प्रीमियर लीगपुढे ती मोडीत काढण्याचा ठराव आणला, तो जून २०२४ मध्ये १९ विरुद्ध १ मतांनी फेटाळला गेला. मलाही ती समूळ नष्ट व्हावी असे वाटत नाही, कारण आन्रीचा हात पुन्हा डोळ्यांआड होऊ नये. पण रग्बीत मैदानावरचा पंच आणि पडद्यासमोरचा पंच यांचे बोलणे सामना चालू असतानाच प्रेक्षकांना ऐकता येते, तर फुटबॉलमध्ये ते निवडक प्रसंगी, दिवस उलटल्यावर आणि संस्थेच्या मर्जीने ऐकावयास मिळते. तिकीट काढून पावसात बसलेल्या माणसाला ते त्याच क्षणी ऐकू आले पाहिजे. आणि धक्का किती जोराचा होता, हाताला लागलेला चेंडू हेतुतः की अभावितपणे, हे प्रश्न, चूक खरोखर ढळढळीत असल्याखेरीज, मैदानावरच्या पंचाकडेच राहिले पाहिजेत.