श्रद्धा आणि औषध

रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या बालकांचा आजार औषधाने काही काळ ओसरतो, हे बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी 1948 साली दाखविले. ते औषध ज्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाले, ते डॉ. सुब्बाराव मूळचे आंध्रचे. बालकांत नेहमी आढळणाऱ्या प्रकारात आज योग्य उपचारांनी बहुतेक मुले बरी होतात. मात्र ते दोन-तीन वर्षे चालतात.

आमच्या शेजारच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा याच वाटेवर आहे. तेथे गोळीची वेळ चुकत नाही, तशी रेव्हरंड टिळकांची भजनेही चुकत नाहीत. "वहिनी, देवाचा राग नाही येत?" मी विचारले. "येतो, भाऊजी. तोही त्यालाच सांगते. मुलगा बरा व्हावा, हे रोज मागते; अट मात्र घालीत नाही."

आम्हां नवस बोलणाऱ्यांना हे मागणे शिकण्याजोगे आहे.