तरणतलावाचे पाणी

उन्हाळ्याची सुटी लागली, की पालघर, बोईसर-तारापूरकडील मुले तरणतलावाकडे धावतात. तेथील उग्र वास ही पाण्याच्या शुद्धतेची ग्वाहीच, असा वडीलधाऱ्यांचा समज असतो. नातवास जुलाब होईपर्यंत आमचाही होता. वस्तुतः क्लोरीनचा घाम व मूत्र यांशी संयोग होऊन तो वास उठतो. म्हणजे तो मलिनतेचाच निदर्शक होय! पुरेशा क्लोरीनने बहुतेक जंतू काही मिनिटांतच मरतात; परंतु क्रिप्टोस्पोरिडियम नामक अतिसारकारक सूक्ष्मजीव ७ दिवसांहूनही अधिक तग धरतो. यास्तव त्याची बाधा झालेल्या मुलास जुलाब थांबल्यावरही २ आठवडे पाण्यात उतरू देऊ नये. इतरांनी आधी अंग स्वच्छ धुवावे व पाणी गिळू नये. जलात मलमूत्र विसर्जू नये, हा निषेध मनुस्मृतीच्या ४ थ्या अध्यायात आहे. तरणतलावाच्या दारावर तेवढाच लिहिला आणि पाळला, तरी पुष्कळ झाले.