आतला फोन, बाहेरचा फोन
(हातांविना फोन : भाग 7)

फुंकेवर चालणारे स्विच या वेळी घेणार होतो, पण ते पुढच्या आठवड्यात. रबाळ्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न थांबण्यासारखा नाही.

ताई एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. मानेच्या मणक्याला इजा झाल्यापासून यजमान अंथरुणाला खिळलेले, दुपारी घरी एकटेच. गेल्या भागातल्याप्रमाणे ताईंनी फोन 'आपोआप उचला'वर लावला आणि लवचिक दांड्याच्या स्टँडवर त्यांच्या उशाशी बसवला. जेवणाच्या सुट्टीत आता दोघांचं निवांत बोलणं होतं. पण पर्सनल लोनवाल्यांचे आणि प्लॉटवाल्यांचे फोनही तसेच उचलले जातात. यजमानांना ते तोडता येत नाहीत. पलीकडचा दमेपर्यंत ऐकत पडावं लागतं. ज्याला उठून दार लावता येत नाही, त्याचं दार आपण सताड उघडं टाकलं, असं झालं हे.

यावरचा तोडगा रबाळ्याच्याच कारखान्यांत मी कितीतरी वेळा पाहिला आहे. तिथल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात ईपीएबीएक्स, म्हणजे कारखान्यांतली अंतर्गत टेलिफोन यंत्रणा, बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली. पॅनासॉनिकच्या केएक्स-टी7730 या टेबलफोनवर 'ऑटो आन्सर/म्यूट' असं बटण असतं. ते चालू केलं की इंटरकॉमवरून आलेला फोन एक बीप देतो आणि स्पीकरवर थेट बोलणं सुरू होतं. स्टोअरमधला माणूस दोन्ही हातांत माल धरून ऑफिसशी बोलू शकतो. बाहेरच्या लाइनवरचा फोन मात्र कुणी उचलेपर्यंत रीतसर वाजत राहतो. आपल्याला नेमका हाच भेद हवा आहे.

मोबाइलवर तो साधायचा तर वेगळं सिम घ्या. त्याचा नंबर घरचे, शेजारी आणि डॉक्टर यांच्यापलीकडे कुणालाही देऊ नका. बँक, गॅस, किराणावाला, कुणालाच नाही. जुनं सिम दुसऱ्या साध्या फोनमध्ये राहू द्या. नवा नंबरही आधी कुणाचा तरी असू शकतो, म्हणून 1909 वर इंग्रजीत 'स्टार्ट 0' असा मेसेज पाठवून डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन रोखणारी सोय, लावाच. मात्र साध्या दहा आकडी नंबरांवरून फोन करणारे बेकायदा विक्रेते त्याने थांबत नाहीत.

इथे एक फसगत होते. अनेक अँड्रॉइड फोनांत 'अननोन' नंबर ब्लॉक करण्याची सोय असते. तिथे अननोन म्हणजे ज्याचा नंबरच दिसत नाही तो. तुमच्या यादीत नसलेला नंबर त्यातून खुशाल आत येतो. आयफोनचं 'सायलेन्स अननोन कॉलर्स' यादीबाहेरच्यांना गप्प करतं. काहीही लावलंत तरी ज्यांचा नंबर यादीत नाही अशा कुणाला तरी फोन करायला सांगा, आणि फोन उचलला जातो का ते स्वतः खोलीत उभं राहून बघा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की पुन्हा बघा.

घरात वाय-फाय असेल तर अलेक्साच्या इको यंत्रातलं 'ड्रॉप इन' मला जास्त पटतं. परवानगी दिलेली माणसंच त्यावरून थेट बोलू शकतात, म्हणजे तो कारखान्यातला इंटरकॉमच. शिवाय यजमानांना नुसत्या आवाजाने बोलणं तोडता येतं. अंग पुसायच्या वेळी, किंवा कुणाशी बोलायचंच नसेल तेव्हा, 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करायला सांगितलं की घरच्यांनाही आत येता येत नाही. हा हक्क त्यांच्याकडे राहायलाच हवा, बायकोपासूनसुद्धा. फक्त वीज गेली की इको मुकं होतं, त्यामुळे बॅटरीवरचा मोबाइल उशाशी हवाच.

ताई, नव्या सिमवरून बोलणं कसं होतंय ते कळवा. पंखा थेट फोनच्या वर असेल तर स्टँड थोडा बाजूला घ्या. पलीकडे निम्मी घरघरच ऐकू येते.