जिप्सम टाकण्याआधी चर बघा

काटोलच्या संत्रा बागेत ठिबकच्या ओलीच्या कडेला पांढरी रेघ दिसली की सल्ला ठरलेला: 'जिप्सम टाका.' पण ती रेघ विरघळणाऱ्या क्षारांची असेल, तर जिप्समने क्षारांत भरच पडते. जिप्सम लागतं चोपण जमिनीला. तिथं सोडियम मातीच्या कणांना धरून बसतो, सामू 8.5 च्या वर जातो आणि पावसाचं गढूळ पाणी दिवसेंदिवस साचून राहतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात हे दुखणं मोठं आहे. काटोल त्या पट्ट्यात येत नाही, म्हणून तिथला उपाय इथं आणण्याआधी माती तपासून घ्यावी.

'आमच्या बोअरचं पाणी गोड आहे' हेही नेहमी ऐकू येतं. जिभेला गोड लागणाऱ्या पाण्याचीही ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) 1 डेसिसायमन प्रति मीटर असू शकते. म्हणजे लिटरमागे साधारण 0.64 ग्रॅम क्षार. उन्हाळ्यात झाडाला रोज 100 लिटर दिलं, तर 100 दिवसांत सहा किलोंहून जास्त क्षार आळ्यात आले. पाणी झाड पितं, ऊन उडवतं. काही क्षार चुना होऊन बसतात, बाकीचे मातीच्या ओलाव्यात घट्ट होत जातात. मातीची ईसी 7.7 होईपर्यंत कपाशीच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही. संत्रा मात्र दोनच्या आतच कुरकुरतो.

ठिबकनं क्षार संपत नाहीत, ओलीच्या कडेला सरकतात. पहिल्या हलक्या सरीनं तेच परत मुळांकडे येतात. म्हणून अशा सरीत ठिबक चालूच ठेवावं.

मग भरपूर पाणी सोडून क्षार धुवावेत? आपल्या भारी काळ्या वावरात हीच सर्वांत महाग चूक. खाली वाट नसली तर पाणी मुळाशी थांबतं, मुळं कुजतात, बुंध्याला डिंक्या लागतो. वाट असली तर पावसाळा हे काम फुकट करतो. त्यासाठी मृगाआधी झाडांच्या ओळींमधून उताराकडे चर मोकळे हवेत. सांगलीच्या उसाच्या क्षारपड रानांत याच कामासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालतात.

चराचं पाणी नाल्यात सोडलं की आपलं काम झालं, असंही नाही. कॅलिफोर्नियात शेतांचं निचऱ्याचं पाणी केस्टरसन तलावात साठवलं, तेव्हा त्यातल्या सेलेनियममुळे 1983 मध्ये पाणपक्ष्यांची व्यंग असलेली पिल्लं सापडली. इथं त्या नाल्यावर खालच्या शेजाऱ्याची विहीर असते. चराच्या तोंडाशी बाटली भरून पाण्याची ईसी आणि सोडियम तपासून घ्या; पाणी बरं निघालं तर ते कपाशीला चालेल.