पोटात रडार, नाकावर पंखा

सातारा-सांगलीहून गोव्याला जाणारी मंडळी किनारे पालथे घालतात. दाबोळीजवळचं नौदल हवाई संग्रहालय मात्र बहुतेकांचं राहूनच जातं. तिथलं फ्रेंच बनावटीचं ब्रेगे अलिझे विमान जरा वाकून पोटाखालून पाहावं. पाणबुडी हुडकणाऱ्या रडारचा घुमट शोधाच्या वेळी तिथून खाली उतरे, एरवी आत ओढला जाई. पंखांखालच्या फुगीर कप्प्यांत चाकं दुमडली जात. माणसं तीन, इंजिन एकच : रोल्स-रॉइसचं डार्ट टर्बोप्रॉप. जेटपेक्षा संथ, पण इंधन जपून तासन्‌तास गस्त घालणारं.

भारतीय नौदलाचं अलिझे विमानांचं ३१० क्रमांकाचं पथक १९६१ मध्ये फ्रान्समध्येच उभं राहिलं. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडे विमानवाहू ‘विक्रांत’वरून सी हॉक जेट विमानं दिवसा चितगाव, कॉक्स बझारवर झेपावत, रात्रीचे हल्ले रडारवाल्या अलिझेकडे. पश्चिमेकडे १० डिसेंबरला पाकिस्तानच्या एफ-१०४ ने एक अलिझे पाडलं. तिघेही परतले नाहीत. पाणबुडीच्या शिकाऱ्याची गाठ ध्वनीहून वेगवान जेटशी पडल्यावर दुसरं काय होणार? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही विमानं निवृत्त झाली. त्यांचं काम तोवर बरंचसं सी किंग हेलिकॉप्टरांकडे गेलं होतं.